रत्नागिरीची झेड-४ : एका स्पोर्ट्स कारचा भाव पडण्याचं प्रकरण

८ ऑक्टोबर २०१९, दसरा. रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंग कंपनीने बीएमडब्ल्यूची झेड-४ एम४०आय घेतली. दोन दरवाजे, दोनच माणसांची जागा, कापडी छत आणि पुढे तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ही गाडी त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतात आली होती आणि तिची शोरूम किंमत ७८.९० लाख होती. गाडी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर, म्हणून महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी १५.७८ लाख. विमा सोडून ९४.६८ लाख झाले. डिसेंबर २०२३ मध्ये हीच गाडी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी ५१ लाखांना घेतली. तोवर ती जेमतेम १४ हजार किलोमीटर चालली होती. पेट्रोल, विमा, सर्व्हिस यातलं काहीही न धरता, नुसत्या भाव पडण्याचे किलोमीटरला तीनशे रुपयांच्या वर झाले.

मी जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. या गाडीच्या विक्रीत मी सप्टेंबर २०२३ पासून होतो. मालकांची हरकत नाही म्हणून हे लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही आणि व्यवहारातल्या रकमा पूर्णांकाला आणल्या आहेत. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण भाव कशामुळे पडला याचं जे उत्तर सगळे सहज देतात ते अपुरं आहे. "कोकणात असली गाडी कोण घेणार?" हे ते उत्तर. त्यात तथ्य आहे, पण ४३ लाखांचं तथ्य नाही.

किंमत होती कशाची

आधी एक गोष्ट कागदावर मांडू. ही गाडी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बनली आणि भारतात पूर्ण तयार अवस्थेत आली. आयातीच्या वेळची किंमत ४० हजार डॉलरच्या वर असलेल्या अशा गाडीवर त्या काळी १०० टक्के मूळ सीमाशुल्क होतं. त्यावर २८ टक्के जीएसटी आणि मोठ्या इंजिनासाठी २० टक्के उपकर, मिळून ४८ टक्के. ७८.९० लाखांतून हे ४८ टक्के वेगळे काढले तर ५३ लाखांच्या आसपास उरतात. म्हणजे साडेपंचवीस लाख जीएसटी-उपकराचे, वर रोड टॅक्सचे पावणेसोळा. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर येण्याआधीच ४१ लाखांहून जास्त रक्कम सरकारी तिजोरीत गेली होती. सीमाशुल्क यात धरलेलंच नाही, ते उरलेल्या ५३ लाखांच्या पोटात आहे.

एकूण घसरण ४३.६८ लाखांची, आणि हे दोन कर मिळून ४१ लाखांचे. आकडे इतके जवळ आले म्हणजे एकातून दुसरा निघाला असं मी म्हणणार नाही. जुनी गाडी घेणारा माणूस नव्या गाडीच्या करासकट किमतीशीच तुलना करतो, त्यामुळे कराचा काही भाग जुन्या गाडीच्या भावातही राहतो. रोड टॅक्स तर एकरकमी भरलेला असतो आणि महाराष्ट्रातच गाडी विकली तर उरलेल्या वर्षांचा फायदा पुढच्या मालकाला मिळतो. पण एवढं नक्की की पंचाण्णव लाखांच्या वस्तूत वस्तूची स्वतःची किंमत निम्म्याहून पुष्कळ कमी होती. मालकांच्या मनात मात्र "पंचाण्णव लाखांची गाडी" हेच बसलं होतं, आणि पुढची सगळी गणितं त्या आकड्यावरून झाली.

घेताना त्यांच्या सीएने एक सल्ला दिला होता. २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेतलेल्या मोटारींवर आयकरात १५ ऐवजी ३० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळत होता. मंदावलेल्या वाहन बाजाराला सरकारने दिलेली ती सवलत होती. सल्ला बरोबर होता. फक्त मुहूर्त दसऱ्याचा धरल्यामुळे त्या आर्थिक वर्षात गाडी वापरल्याचे दिवस १७६ भरले, आणि पूर्ण दराला १८० लागतात. पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळाला. शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला गाडी घेतली असती तर पूर्ण मिळाला असता. हा घसारा विक्रीच्या वेळी पुन्हा समोर येतो, म्हणून लक्षात ठेवावा.

गाडी राहिली कशी

आरे-वारेचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गाडी का घेतली ते सांगावं लागणार नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली समुद्र, नोव्हेंबरातली सकाळ आणि उघडं छत. मालक पहाटे निघून गणपतीपुळ्याला जात आणि उन्हं चढायच्या आत परत येत. महिन्यातून एखादा रविवार आंबा घाटाने कोल्हापूर. या फेऱ्यांचा आनंद खरा होता आणि त्याची किंमत मी कुठल्याच रकान्यात धरलेली नाही.

पण जून उजाडला की गाडी शेडमध्ये जाई ती थेट दसऱ्याला बाहेर येई. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जमिनीपासून अर्ध्या वितीएवढ्या उंचीची गाडी, खड्ड्यात लाल पाणी भरलं की खड्डा किती खोल ते कळत नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच होतं. बंगल्याला जाणारी शेवटची दोनशे पावलं जांभ्याच्या चढाची. तिथे मालकांनी बंपरचा पुढचा ओठ घासू नये म्हणून लाकडी फळ्या टाकून घेतल्या होत्या. चाकं पुढची आणि मागची वेगवेगळ्या रुंदीची, त्यामुळे टायर आलटून-पालटून लावता येत नाहीत, आणि रत्नागिरीत कुठल्या दुकानात ते मिळत नाहीत. साधी सर्व्हिस करायची तरी गोवा नाहीतर पुणे.

चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं कोकणात काय होतं हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की गाडी किती कमी चालली हे ऐकून मला कधीच बरं वाटत नाही. बॅटरी बसते. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो. टायर एकाच जागी दबून राहतात. कापडी छताच्या शिवणीत बुरशी धरते आणि एकदा धरली की वास आत उतरतो. खाऱ्या हवेने गाडीखालचे नटबोल्ट आणि क्लिपा पांढऱ्या पडतात. आणि उंदीर. पावसात उंदराला कोरडी, उबदार जागा हवी असते आणि इंजिनाच्या झाकणाखाली ती मिळते. २०२२ च्या श्रावणात या गाडीच्या वायरिंगचा एक गुच्छ उंदरांनी कुरतडला, गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्याला न्यावी लागली. १४ हजार किलोमीटर हा आकडा जाहिरातीत छान दिसतो. जाणता गिऱ्हाईक मात्र तो वाचून विचारतो, मग उरलेला वेळ गाडी कुठे उभी होती?

आणखी एक गोष्ट, जी रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या कोणाला सहसा सुचत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. दुकानं, घरं, आणि असंख्य गाड्या. त्यातल्या काही गाड्या विम्याच्या दाव्यातून लिलावात गेल्या, दुरुस्त झाल्या आणि पुन्हा बाजारात आल्या. तेव्हापासून पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक एमएच-०८ पाटी आणि २०२१ च्या आधीची नोंदणी पाहिली की पहिला प्रश्न पुराचा विचारतो. ही गाडी चिपळूणला कधी मुक्कामालाही गेली नव्हती, पण प्रश्नातून सुटली नाही. एका दलालाने तर फोनवरच, गाडी न बघता, "पुराची शंका" म्हणून तीन लाख कमी सांगितले. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ज्या जिल्ह्याने पूर सोसला, त्याच जिल्ह्यातल्या कोरड्या गाड्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते आहे.

एप्रिल ते ऑगस्ट

एप्रिल २०२३ मध्ये मालकांनी विकायचं ठरवलं. कारण साधं होतं. आंब्याच्या हंगामात कॅनिंगवाल्याला रोख पैसा लागतो, बागायतदाराला माल उचलताना पैसे द्यावे लागतात, आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, दहा टक्क्यांनी व्याज चालू होतं. गाडीत अडकलेला पैसा मोकळा करावा हा विचार योग्यच होता. त्यांनी अपेक्षा धरली ६५ लाखांची.

कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने, गाडी समोर बघून, ५० लाख सांगितले. मालकांना राग आला. घरात त्यांचे वडील, आबा, यांनी आयुष्यभर वाशीला आंबा पाठवला आहे. ते म्हणाले, "अक्षय तृतीयेला पेटीला जो भाव असतो, तो मेअखेर नसतो. पाऊस यायच्या आत दे." मालकांनी ऐकलं नाही.

मग २५ मे २०२३ ला याच गाडीची सुधारित आवृत्ती भारतात आली, शोरूम किंमत ८९.३० लाख. मालकांनी अपेक्षा ६८ वर नेली. सप्टेंबरात आमची पहिली भेट झाली तेव्हाही त्यांचा मुद्दा तोच होता. "अहो, नवीन एकोणनव्वदला गेली. माझी साठच्या खाली कशी येईल?"

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. स्विफ्टसारख्या गाडीच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. नवी महागली की नवी न परवडणारा माणूस जुनीकडे वळतो आणि जुनीचा भाव सावरतो. पण त्यासाठी "नवी परवडत नाही म्हणून जुनी" म्हणणारी माणसं हजारोंनी असावी लागतात. दोन आसनी, कापडी छताची, पन्नास-साठ लाखांची गाडी घेणारा माणूस ती गरज म्हणून घेत नाही. घरात आधीच दोन गाड्या असतात. नवी महागल्याने तो जुनीकडे वळेलच असं नाही, तो वाट बघतो, नाहीतर एखादी मोठी एसयूव्ही घेऊन मोकळा होतो. उलट नवी आवृत्ती आली की जुनीचा चेहरा जुना दिसू लागतो. इथे नवीच्या भाववाढीने फक्त विकणाऱ्याचा हट्ट वाढला.

जुलैत मुंबईच्या दलालाने ४३ लाख सांगितले. त्याचं म्हणणं, "शेठ, या पावसात कापडी छताची गाडी दाखवायची कुणाला?" ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा डीलरही ५० वरून ४४ वर आला. त्याने दोन कारणं दिली. एक विम्याचं. गाडीचं विम्यातलं घोषित मूल्य, आयडीव्ही, ठरलेल्या तक्त्याने काढतात. गाडीचं वय चार वर्षांच्या पुढे गेलं की चालू किमतीतून ५० टक्के वजा होतात. ८९.३० लाखांचे निम्मे म्हणजे पावणेपंचेचाळीस. ऑक्टोबरात गाडीला चार वर्षं होणार होती. हे कारण डीलर नेहमी देतात, आणि ते कच्चं आहे. तो तक्ता विमा कंपनीने किती रकमेची जोखीम घ्यायची ते ठरवण्यासाठी आहे, बाजारात गाडी काय भावाने जाईल याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. फॉर्च्युनर कधी त्या तक्त्याने विकली गेलेली नाही.

दुसरं कारण होतं पुण्यातल्या विक्रीचं. माझ्या मते या प्रकरणाचं खरं मर्म तिथे आहे.

पुण्याचे ४७ लाख

कोल्हापूर, पुणे, गोवा, सिंधुदुर्ग या पट्ट्यात दोन दरवाज्यांच्या स्पोर्ट्स कार असलेली मंडळी एकमेकांना ओळखतात. संख्या फार नाही. रविवारी पहाटे घाटात भेटणं, नाश्ता करणं, टायर कुठे स्वस्त मिळतात ते सांगणं, अशी मैत्री असते. त्यांच्यातल्या एका पुणेकराने ऑगस्टमध्ये आपली २०१९ चीच एम४०आय ४७ लाखांना दिली. ही बातमी दोन दिवसांत सगळ्यांकडे पोचली. त्यानंतर या पट्ट्यात ज्याने ज्याने अशी गाडी विकायला काढली, त्याला समोरून पहिलं वाक्य हेच आलं, "पुण्यात सत्तेचाळीसला गेली की."

या सगळ्या गाड्यांच्या मालकांमध्ये यावरून चांगलीच कटुता आली. एकाने त्या पुणेकराला फोन करून ऐकवलं, "तू आम्हा सगळ्यांची किंमत पाडलीस." रविवारच्या भेटी काही महिने बंद झाल्या.

मी त्या पुण्याच्या गाडीची माहिती काढली. ती दुसऱ्या मालकाकडे होती. ३८ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी किल्ली हरवलेली. मागचे दोन्ही टायर संपलेले. आणि विकणाऱ्याच्या वडिलांचं मोठं ऑपरेशन होतं, त्याला आठवड्याच्या आत पैसे हवे होते. त्याने डीलरला गाडी दिली, खासगी गिऱ्हाईक शोधायला त्याला सवडच नव्हती. या सगळ्या परिस्थितीत ४७ हा वाईट भाव नव्हता. मी तर म्हणेन चांगला होता.

पण फिरला तो फक्त आकडा. किल्ली, टायर, ऑपरेशन, दुसरी मालकी यातलं काहीच त्याच्याबरोबर गेलं नाही. ज्या गाडीच्या महिन्याला शेकडो विक्री होतात, तिथे असा एखादा घाईचा सौदा बाकीच्या सौद्यांत विरून जातो. जिथे अख्ख्या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन सौदे होतात, तिथे शेवटचा सौदा म्हणजेच बाजारभाव होऊन बसतो. विकणारा त्याच्यापुढे हतबल होतो आणि घेणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं. डीलरला तर सगळं माहीत असूनही तो फक्त आकडा सांगतो, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते मालकांचं गप्प राहणं. विकणारा खरा भाव लपवतो, कारण तो कमी असला तर लाज वाटते. उरलेले अंदाजाने बोलतात, आणि मग जो एक आकडा फुटतो तोच सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. या मंडळींनी आपापसात एवढं जरी ठरवलं, की विकताना भावाबरोबर किलोमीटर, कितवी मालकी, घाई होती की नव्हती आणि गाडी कुठे उभी असे हेही सांगायचं, तरी प्रत्येकाच्या हातात काहीतरी आधार येईल. मी हे त्यांना सांगितलं आहे. त्या पुणेकराचा तर यात काडीचाही दोष नव्हता. आजारी वडिलांसाठी गाडी विकणाऱ्या माणसाला मित्रांनी असं बोलणं मला अजून खुपतं.

विक्री

सप्टेंबरात गणपती होते. त्यांचं विसर्जन झाल्यावर आम्ही कामाला लागलो. मी पहिल्यांदा मालकांना ६५ आणि ६८ हे आकडे सोडायला सांगितले. मागणी ५४ ठेवायची, ५० च्या खाली उतरायचं नाही. आणि गाडी रत्नागिरीत दाखवायची नाही. घेणारा माणूस गाडी बघायला पाच-सहा तास खराब रस्त्याने आला, की त्या रस्त्यावरच त्याच्या मनात भाव उतरलेला असतो.

पुराच्या शंकेवर काय करायचं हा खरा प्रश्न होता. तोंडी शपथांना अर्थ नसतो. आम्ही पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या विमा पॉलिसी एका फाइलमध्ये लावल्या. दावा नसल्याची सूट, एनसीबी, दर वर्षी २०, २५, ३५ अशी चढत गेलेली त्यांत छापलेली होती. २०२१ च्या पुरात गाडी बुडाली असती आणि दावा केला असता तर ही साखळी तुटली असती. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचे पैसे मालकांनी खिशातून भरले होते, म्हणून साखळी शाबूत राहिली. त्या वेळी त्यांनी तो खर्च चिडून केला होता. आता तोच कामाला आला. शिवाय जुलै २०२१ च्या आधीच्या आणि नंतरच्या सर्व्हिसच्या नोंदी, आणि एक तपासणी जी कोणालाही करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा आणि आतला पट्टा बघायचा. पुराची गाडी कितीही धुतली तरी तिथे बहुधा चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघायचा. पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यात उचलून त्याच्या खालचा फोम हुंगायचा. हे सगळं करून फोटो काढून ठेवले. वायरिंगच्या दुरुस्तीचं बिलही त्याच फाइलमध्ये लावलं. गाडीचं जे झालं ते सगळं आधीच समोर ठेवलं की पुढची बोलणी सोपी होतात.

दसऱ्यानंतर गाडी फ्लॅटबेडवर पुण्याला गेली. छताची सफाई, नवी बॅटरी, ब्रेकची झाडलोट. मग कोल्हापुरात एका स्नेह्यांच्या बंद गॅरेजमध्ये ठेवली.

गोव्यातून ५३ लाखांची मागणी आली होती. ऐकायला जास्त, पण राज्य बदलताना गाडीसाठी एनओसी घ्यावी लागते, तिकडे नव्याने कर भरावा लागतो, आणि महाराष्ट्रात उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा तर तो नंतर, नोंदणीदाराने अर्ज करून, वेळ लागेल तेव्हा. घेणाऱ्याला तिकडचा कर किंमतीतून वजा करून हवा होता. वजा केल्यावर ५३ चे ४८ सुद्धा उरत नव्हते. भरलेला एकरकमी कर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात गाडी विकावी, हे महागड्या गाडीच्या बाबतीत फार महत्त्वाचं ठरतं.

डॉक्टर आले ते नोव्हेंबरच्या शेवटी. त्यांनी फाइल अर्धा तास वाचली, मग गाडी बघितली. बरोबर स्वतःचा मेकॅनिक आणला होता, त्याने सीटबेल्ट ओढलाच. त्यांनीही पुण्याचे ४७ काढले. आम्ही त्या गाडीची सगळी हकीकत त्यांच्यासमोर मांडली. ५१ ला सौदा झाला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, कंपनीचा ठराव जोडला.

हातात काय आलं

मालकांना वाटलं ५१ आले. आले नव्हते.

गाडी कंपनीच्या नावावर होती आणि कंपनी जीएसटीखाली नोंदलेली. खासगी माणसाने आपली जुनी गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत व्यवसायाने विकली, आणि घसारा घेतलेला असला, तर विक्रीची किंमत आणि पुस्तकात उरलेलं मूल्य यांच्यातल्या फरकावर कर लागतो, या आकाराच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के. घसारा वजा होत होत मार्च २०२३ ला पुस्तकात गाडी उरली होती २७.६० लाखांची. फरक २३.४० लाख. ५१ मध्येच कर धरला तरी साडेतीन लाखांहून जास्त जीएसटी निघतो. डॉक्टर वर काही देणार नव्हते, त्यामुळे तो मालकांच्या हातून गेला. वर, आयकरात एकाच घसारा-दराच्या मालमत्ता एका गटात धरतात, त्या गटात कंपनीची दुसरी गाडी नसल्याने उरलेला फरक अल्पकालीन भांडवली नफा ठरला. बाजारात ४३ लाख गेले असताना कागदावर नफा होऊन त्यावर आयकर बसला. मालक दोन दिवस हे मानायलाच तयार नव्हते. पण वर्षानुवर्षं घसारा दाखवून जो कर वाचवला, त्यातलाच काही भाग आता परत द्यावा लागला, हिशोब इतकाच आहे.

आणि थांबण्याचा खर्च. एप्रिलचे ५० लाख नाकारून डिसेंबरात ५१ घेतले. मधल्या काळातला विमा, बॅटरी, सफाई, फ्लॅटबेड मिळून सव्वादोन लाख गेले. ५० लाख आठ महिने कॅश क्रेडिटमध्ये भरले असते तर दहा टक्क्यांनी तीन लाख तेहतीस हजारांचं व्याज वाचलं असतं. एप्रिलच्या मानाने डिसेंबरचे ५१ म्हणजे साडेपंचेचाळीसच पडले. डीलरने एप्रिलमध्ये शेवटच्या क्षणी एक-दोन लाख कापले असते असं धरलं तरी एप्रिलच बरा होता. आबांचं बरोबर होतं. मी आलो तेव्हा ४४ समोर होते, त्यावरून ५१ वर नेले याचं मला समाधान आहे. पण मालकांचा खरा तोटा मी येण्याआधीच होऊन गेला होता.

सावंतवाडीत याच मंडळींपैकी एकाची अशीच गाडी आहे, एमएच-०७, २०२१ ची, स्वतःच्या नावावर. त्यामुळे विक्रीवर जीएसटी नाही आणि पुस्तकी नफ्याची भानगड नाही. त्यांना ती काढायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर ४८ वरून ४० टक्के झाला आहे, म्हणजे इतर काही न बदलता नवीची किंमत साडेपाच टक्क्यांच्या आसपास खाली यायला हवी, आणि जुनीवर तेवढा दाब येणारच. मी त्यांना लिहून दिलं आहे. मागणी नव्या करासकटच्या किमतीवरून ठरवा, स्वतः मोजलेल्या रकमेवरून नको. पॉलिस्यांची फाइल आत्ताच लावा. गाडी कोल्हापूरला किंवा पुण्याला नेऊन दाखवा. आणि मेच्या आत पहिला खरा गिऱ्हाईक आला, तर त्याच्या आकड्यात थांबण्याचं व्याज मिळवून मग नाही म्हणा. त्यांनी विचारलं, विकल्यावर खरा भाव सगळ्यांना सांगू का? सांगा म्हटलं, किलोमीटर आणि कारणासकट. पुण्याच्या त्या मित्रालाही त्यांनी फोन केला आहे.